रद्दीपासून क्राफ्ट कागद बनवताना कचरा आणि सांडपाणी कसे कमी करावे: नाशिक परिसरातील कारखान्यांसाठी

जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात द्राक्षांची काढणी चालू असते आणि कोरुगेटेड खोक्यांची मागणी वाढते. या खोक्यांसाठी क्राफ्ट कागद, म्हणजे मजबूत तपकिरी कागद, पुरवणारे कारखाने याच महिन्यांत पूर्ण क्षमतेने धावतात. नेमक्या याच महिन्यांत कादवा, दारणा आणि गोदावरीच्या पात्रांत धरणांच्या आवर्तनाखेरीज फारसे वाहते पाणी नसते. पावसाळ्यात पुराबरोबर वाहून जाणारे सांडपाणी मार्चमध्ये नाल्याच्या डोहात साचून राहते, त्यातील प्राणवायू संपतो आणि पाणी काळे पडते. कादवा आणि गोदावरी यांचा संगम नांदूर मधमेश्वरला होतो. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेले हे पक्षी अभयारण्य आपल्या नाल्यांच्या शेवटी आहे, हे कारखानदाराने लक्षात ठेवावे.

या मार्गदर्शनातील सूचना रद्दीपासून, विरंजन (ब्लीचिंग) न करता, दिवसाला साधारण तीस ते शंभर टन क्राफ्ट बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आहेत. अशा कारखान्याच्या सांडपाण्यातील प्रदूषण बहुतांशी त्याने स्वतः पैसे मोजून आणलेल्या तंतूचे आणि स्टार्चचेच असते. म्हणून कामाची सुरुवात सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून, म्हणजे ईटीपीपासून, न करता पल्पर (रद्दीचा लगदा करणारे यंत्र) आणि मशीनपासून करावी. ईटीपीवर आधी खर्च करून मशीन तसेच ठेवणे हा माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत महाग क्रम आहे.

आधी मोजमाप

कूपनलिका, एमआयडीसीची जोडणी आणि टँकर मिळून दिवसभरात किती ताजे पाणी आत आले, याची नोंद मीटरवरून ठेवावी आणि त्याला त्या दिवशीच्या उत्पादनाने भागावे. टनामागे किती घनमीटर हा आकडा पाळीच्या फलकावर लिहिला गेला पाहिजे. गाठायचे लक्ष्य ठरवण्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या ओल्या कागदात ४५ टक्के घन भाग असेल आणि तयार कागदात ७ टक्के ओलावा राहत असेल, तर एक टन कागदामागे ड्रायरमध्ये सुमारे १.०७ टन पाणी वाफ होऊन उडते. प्रक्रियेतून खऱ्या अर्थाने नाहीसे होणारे पाणी जवळपास एवढेच असते. त्यामुळे टनामागे पंधरा-वीस घनमीटर घेणाऱ्या कारखान्यातील बहुतेक पाणी केवळ आत येऊन बाहेर जाते आणि जाताना तंतू घेऊन जाते.

दुसरे मोजमाप ईटीपीत येणाऱ्या पाण्याचे असावे. एक लिटर नमुना आधी वजन केलेल्या गाळणी कागदातून गाळावा, १०५ अंश सेल्सिअसला वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. समजा, पन्नास टनांच्या कारखान्यात रोज ४०० घनमीटर सांडपाणी येते आणि त्यात लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम घन कण आहेत. याचा अर्थ रोज ६०० किलो माल, म्हणजे उत्पादनाच्या १.२ टक्के, गटारात जातो. या ६०० किलोंना रद्दीच्या दराने गुणून तो आकडा मालकाच्या टेबलावर ठेवला, तर पुढच्या सुधारणांसाठी वेगळे समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही.

हाच नमुना नाल्याच्या प्रत्येक फाट्यावर स्वतंत्रपणे घ्यावा: पल्परखालची चारी, सेंट्रिक्लीनरची (लगद्यातली वाळू वेगळी करणाऱ्या यंत्राची) चारी, वायर पिटचा (ज्या जाळीवर कागद बनतो त्या वायरखालच्या खड्ड्याचा) ओव्हरफ्लो, व्हॅक्यूम पंपांचे पाणी, बॉयलर हाऊस. सगळ्या चाऱ्या एका ठिकाणी मिळाल्यानंतर घेतलेल्या नमुन्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही.

रद्दीचे आवार

येथे फार काही सांगण्यासारखे नाही, मात्र दोन गोष्टी टाळता येत नाहीत. रद्दी खरेदी करताना ओलावा आणि प्लॅस्टिकची भेसळ तपासून त्यानुसार कपात ठरवावी, कारण पुरवठादार ओलाव्याचे वजन विकत असतो आणि प्लॅस्टिकच्या विल्हेवाटीचा खर्च शेवटी कारखान्याच्याच माथी येतो. दुसरी गोष्ट पावसाची. इगतपुरी तालुक्यात घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस पडतो, तर सिन्नरचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे, तेव्हा दोन्हीकडचे आवार एकाच पद्धतीने चालणार नाही. जिथे पाऊस जास्त तिथे शेड नसेल, तर गठ्ठ्यांमधून झिरपणारे पाणी स्टार्च आणि रंग घेऊन थेट पावसाच्या गटारात उतरते. आवाराभोवती स्वतंत्र चारी काढून पावसाच्या सुरुवातीचे मळकट पाणी ईटीपीच्या समतोल टाकीकडे (कमी-जास्त येणारे सांडपाणी एकसारखे करणाऱ्या टाकीकडे) वळवावे आणि नंतरचे स्वच्छ पाणी बाहेर सोडावे.

पल्पर आणि त्यातून निघणारा कचरा

प्लॅस्टिक जितके अखंड बाहेर काढता येईल तितके चांगले. पल्परमध्ये ते चिरडले गेले की त्याचे बारीक तुकडे चाळणीतून पुढे जातात, वायरवर चिकटतात आणि कागद तुटण्याचे कारण होतात. तारा आणि पट्ट्यांचा दोर ओढणारा रॅगर नियमित चालू ठेवावा आणि रोटरची पाती झिजली की वेळेवर बदलावी. पाती बोथट झाल्यावर लगदा होण्यास जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ प्लॅस्टिकही घुसळले जाते.

बाहेर काढलेल्या प्लॅस्टिकला बराच तंतू चिकटलेला असतो. ते बॅकवॉटरने (मशीनवर लगद्यातून निथळलेल्या पाण्याने) धुऊन, धुतलेले पाणी पुन्हा पल्परमध्ये घ्यावे आणि नंतर प्लॅस्टिक स्क्रू प्रेसमधून पिळून काढावे. यामुळे तंतू परत मिळतो आणि वाहून न्यायच्या कचऱ्याचे वजनही घटते. स्वच्छ निघालेले प्लॅस्टिक पुनर्वापर करणाऱ्याकडे आणि मिश्र कचरा अधिकृत मार्गाने सिमेंट भट्टीतील सहप्रक्रियेसाठी पाठवावा. वीटभट्टीवाले हा कचरा इंधन म्हणून आनंदाने उचलून नेतात, कधीकधी वाहतुकीचा खर्चही मागत नाहीत, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. परंतु त्यात पीव्हीसी असल्यास कमी तापमानाच्या उघड्या जाळातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिनसारखे विषारी पदार्थ बाहेर पडतात, आणि कचऱ्याची जबाबदारी कायद्याने कारखान्याकडेच राहते.

सेंट्रिक्लीनर एकाच टप्प्याचे असतील, तर वाळूबरोबर पुष्कळ चांगला तंतू जातो. तीन टप्प्यांची मांडणी करून पहिल्याचा रिजेक्ट (बाहेर टाकलेला माल) दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात घेतला की शेवटी बाहेर पडतो तो मुख्यतः खडा आणि वाळू. शेवटच्या टप्प्याचा रिजेक्ट बोटांत चोळून पाहावा. हाताला मऊ लागला, तर दाब किंवा नोझल बिघडले आहे असे समजावे.

मशीनचे पाणी

पाण्याची सर्वांत मोठी बचत येथे आहे, आणि त्यासाठी लागणारा बराचसा खर्च पाइप, व्हॉल्व्ह आणि टाक्यांचाच असतो.

वायरखालच्या ट्रेमध्ये पडणारे बॅकवॉटर तंतूने समृद्ध असते. ते पूर्णपणे फॅन पंपाच्या तोंडाशी, लगदा पातळ करण्यासाठी, परत जायला हवे. सक्शन बॉक्स आणि कौच (वायरच्या शेवटी असलेला रोल) यांच्याकडून येणाऱ्या पाण्यात घन कण तुलनेने कमी असतात. ते सेव्हऑलकडे, म्हणजे पाण्यातला तंतू परत मिळवणाऱ्या यंत्रणेकडे, न्यावे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दाबाखाली विरघळवलेल्या हवेच्या बुडबुड्यांवर तंतू तरंगवणारी यंत्रणा, म्हणजे डीएएफ, वापरली जाते. ती नीट चालली, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यातील घन कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास आणता येतात आणि ते पाणी वायरच्या व फेल्टच्या (ओला कागद वाहून नेणाऱ्या जाड कापडाच्या) साध्या शॉवरना चालते. डीएएफ बसवूनही उपयोग झाला नाही, अशी तक्रार ऐकू आली, तर आधी हवेचा दाब, पॉलिमरची मात्रा आणि वरचा थर काढणारा स्कूप या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. दोष बहुतेक वेळा यंत्रात नसून रोजच्या देखरेखीत असतो.

ताजे पाणी कुठे लागते, हेही नेमके ठरवून घ्यावे. फेल्ट धुणाऱ्या उच्च दाबाच्या सुईसारख्या शॉवरचे छिद्र सुमारे एक मिलिमीटरचे असते आणि ते तंतूने लगेच तुंबते. म्हणून तेथे, कागदाच्या कडा कापणाऱ्या जलधारांना आणि रसायने विरघळवण्यासाठी ताजे पाणी द्यावे. बाकी ठिकाणी प्रत्येक ताज्या पाण्याच्या नळाने आपले कारण सिद्ध करावे आणि ते सापडले नाही, तर तो नळ बंद करावा.

पंपांच्या ग्लँडला (फिरत्या दांड्याभोवतीच्या गळतीरोधक भागाला) सोडलेले पाणी कुणाच्या नजरेत भरत नाही. एका ग्लँडला मिनिटाला पाच लिटर पाणी सोडले, तर दिवसाला ७.२ घनमीटर होते. चाळीस पंपांचे मिळून २८८ घनमीटर होतात, आणि पन्नास टनांच्या कारखान्यात हे टनामागे जवळपास सहा घनमीटर एवढे भरते. प्रत्येक ग्लँडवर रोटामीटर बसवून प्रवाह मर्यादित करावा आणि दुरुस्तीच्या वेळी पंप एकेक करून मेकॅनिकल सीलवर आणावेत. व्हॅक्यूम पंपांचे सील वॉटर गाळून आणि थंड करून पुन्हा फिरवावे. गरम पाण्यावर व्हॅक्यूम घटतो, त्यामुळे थंड करण्याचा टप्पा वगळून चालणार नाही. फरशी धुण्याच्या होजला हाताने दाबल्यावरच सुरू होणारे नोझल लावावे. पाळी बदलताना जमिनीवर पडून वाहत राहिलेला होज मिनिटाला पंचवीस लिटरनेही दिवसाला ३६ घनमीटर पाणी सोडतो.

यानंतर तंतू वायरवरच अडवण्याचा प्रश्न येतो. हेडबॉक्समधील (लगदा वायरवर सोडणाऱ्या पेटीतील) लगद्याची घनता ०.८० टक्के आणि ट्रेमधील पाण्याची ०.२० टक्के असेल, तर पहिल्याच फेरीत ७५ टक्के माल वायरवर राहिला असे समजते. हा आकडा दर पाळीत काढावा. तो घसरला, तर बारीक तंतू सतत फिरत राहतात, सेव्हऑलवर भार येतो आणि शेवटी ते ईटीपीत पोहोचतात. रिटेन्शन एड वाढवण्यापूर्वी रिफायनर जास्त घासतो आहे का, ते तपासावे. गरज नसताना तंतू बारीक करून नंतर तो अडवण्यासाठी रसायन विकत घेणे परवडणारे नाही.

प्रेसकडे लक्ष देणे पाण्याच्या हिशेबात अप्रत्यक्ष असले, तरी फायद्याचे आहे. कागदातील घन भाग ४५ वरून ४६ टक्क्यांवर आला, तर ड्रायरमध्ये उडवायचे पाणी सुमारे चार टक्क्यांनी घटते आणि तितकी वाफ व इंधन वाचते. ड्रायरमधून परत येणारे कंडेन्सेट (वाफेचे झालेले पाणी) बॉयलरला मिळाले की ताजे पाणी आणि ब्लोडाऊन (बॉयलरमधून सोडून द्यावे लागणारे क्षारयुक्त पाणी) दोन्ही कमी होतात.

मशीन थांबते तेव्हा

रोजच्या सरासरीत चांगला दिसणारा कारखाना एका ट्रिपिंगमध्ये आठवडाभराची कमाई गटारात सोडू शकतो. वीज गेली, कागद तुटला किंवा ग्रेड बदलला की वायर पिट, सायलो आणि चेस्ट (पाण्याच्या व लगद्याच्या टाक्या) भरून वाहू लागतात आणि हा लोट थेट ईटीपीत शिरतो. तेथील जिवाणू असा अचानक आलेला भार सोसू शकत नाहीत आणि पुढचे काही दिवस बाहेर पडणारे पाणी मानकांत बसत नाही.

यावर उपाय साठवणुकीचा आहे. मशीन थांबल्यावर ज्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात त्यांची बेरीज करून तेवढ्या क्षमतेची बॅकवॉटरची मोठी टाकी बांधावी, आणि तासाभराचा ओला ब्रोक (मशीनवर तुटून वाया गेलेला कागद) मावेल एवढी ब्रोक चेस्ट ठेवावी. प्रत्येक चेस्टला पातळी दाखवणारे उपकरण लावून ते भरणाऱ्या पंपाशी जोडावे, म्हणजे चेस्ट भरल्यावर पंप आपोआप थांबेल. हंगामाच्या दिवसांत मशीन लवकर सुरू करण्याची घाई असते आणि तुंबलेली चेस्ट सांडून देणे हा सर्वांत जवळचा मार्ग दिसतो. तो व्हॉल्व्ह कुलूपबंद ठेवून किल्ली पाळीप्रमुखाकडे द्यावी.

स्टार्च

खोक्यांना ताकद देण्यासाठी साइझ प्रेसवर लावलेले स्टार्च क्राफ्ट कारखान्यातील सीओडीचा, म्हणजे पाण्यातील प्रदूषणाच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या प्राणवायूचा, मोठा स्रोत असते. एक किलो स्टार्च पाण्यात गेले की सुमारे १.२ किलो सीओडी तयार होतो. पन्नास टनांच्या कारखान्यात टनामागे ४० किलो स्टार्च वापरले आणि त्यातले पाच टक्के जरी वाया गेले, तरी रोज १०० किलो स्टार्च पाण्यात मिसळते आणि ४०० घनमीटर सांडपाण्याचा सीओडी लिटरमागे जवळपास ३०० मिलिग्रॅमने वाढतो. भूपृष्ठावरील पाण्यात सोडण्यासाठी सर्वसाधारण मानकांतील मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एकट्या स्टार्चचा भार त्याहून जास्त होतो. म्हणून स्टार्च गरजेपुरत्याच छोट्या बॅचमध्ये शिजवावे, पाळीच्या शेवटी उरलेले पुढच्या पाळीला द्यावे आणि टाकी धुतलेले पाणी पल्परमध्येच न्यावे.

रद्दीच्या खोक्यांतही जुने स्टार्च असते आणि ते पल्परमध्ये पाण्यात उतरते. हे स्टार्च जिवाणूंनी खाण्याआधी तंतूवर बसावे, यासाठी योग्य फिक्सिंग रसायन वापरावे आणि लगदा टाक्यांत विनाकारण तासन्‌तास साठवू नये.

पाणी किती फिरवावे

पाणी बंद वर्तुळात फिरवण्याच्या फायद्यासोबत त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. वर्तुळ जसजसे आवळत जाते तसतसे विरघळलेले क्षार, स्टार्चपासून बनलेली ब्युटिरिकसारखी आम्ले आणि उष्णता साचत जाते. टाक्यांना उग्र वास येतो, भिंतींवर चिकट थर जमतो, आम्लांमुळे कागदातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळून पाणी कठीण होते आणि पाइप गंजतात. कागदालाही वास येतो, आणि निर्यातीच्या द्राक्षांच्या खोक्याला तसा वास आला, तर पॅकहाऊसवाला तो माल परत पाठवतो. त्यामुळे एकदम शून्य विसर्गाच्या घोषणेने सुरुवात करू नये. टनामागे आकडा पाच-सहा घनमीटरांपर्यंत टप्प्याटप्प्याने आणावा, प्रत्येक टप्प्यावर पीएच, विद्युतवाहकता आणि तापमान यांची नोंद ठेवावी, आणि वर्तुळातील थोडे पाणी सतत ईटीपीतून शुद्ध करून परत आणावे. वास येऊ लागला, तर आधी टाक्यांचे मृत कोपरे धुवावेत आणि त्यानंतर जैवनाशकाकडे वळावे. जैवनाशक जास्त झाले, तर तेच पुढे ईटीपीतील उपयुक्त जिवाणूंना मारते.

ईटीपी

वरची कामे झाल्यावर ईटीपीवर येणारा भार कमी आणि सारखा राहतो. त्याची पहिली गरज समतोल टाकी आहे. त्यानंतर प्राथमिक क्लॅरिफायर (गाळ तळाशी बसवणारी टाकी) किंवा डीएएफ, आणि मग जैविक प्रक्रिया. सीओडी लिटरमागे दोन-तीन हजार मिलिग्रॅमच्या वर असेल, तर हवेविना चालणारा यूएएसबी रिअ‍ॅक्टर आधी घ्यावा, कारण त्यात वीज कमी लागते आणि मिळालेला बायोगॅस बॉयलरला वापरता येतो. मात्र पाण्यात कॅल्शियम जास्त असल्यास रिअ‍ॅक्टरमध्ये चुना बसतो, याची आधी चाचणी करून घ्यावी.

एरेशन टाकीत, म्हणजे हवा देऊन जिवाणूंकडून पाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत, कागदाच्या सांडपाण्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी पडतात आणि ही उणीव अनेकदा लक्षात येत नाही. बीओडी (जिवाणूंना प्रदूषण पचवायला लागणारा प्राणवायू), नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण १०० : ५ : १ धरावे. रोज ४०० किलो बीओडी येत असेल, तर २० किलो नायट्रोजन आणि ४ किलो फॉस्फरस लागतो, म्हणजे सुमारे २० किलो डीएपी आणि ३६ किलो युरिया. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया दिसू लागला, तर युरिया कमी करावा. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावा. एक लिटरच्या नळकांड्यात एरेशन टाकीचे पाणी अर्धा तास स्थिर ठेवून गाळ किती बसतो ते रोज पाहावे. बसलेल्या गाळाचे मिलिलिटर, घन गाळाच्या ग्रॅम प्रति लिटर आकड्याने भागले असता १५० च्या वर निर्देशांक आला, तर गाळ फुगतो आहे आणि बहुधा पोषण किंवा प्राणवायू कमी आहे. नाशिकचा उन्हाळा चाळिशी ओलांडू लागल्यावर आणि वर्तुळातील पाणीही गरम असल्यावर टाकीचे तापमान ३८ अंशांच्या वर जाऊ न देण्यासाठी पाणी आधी थंड करावे लागते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेल्या मर्यादा सर्वसाधारण मानकांपेक्षा कडक असू शकतात आणि कारखान्याला त्याच लागू होतात. कागद उद्योग केंद्रीय मंडळाच्या सतरा अतिप्रदूषक प्रवर्गांत मोडतो, त्यामुळे ऑनलाइन मापकाच्या सेन्सरचे अंशशोधन वेळेवर करून घ्यावे. प्रयोगशाळेतील आकडा आणि मापकाचा आकडा दर आठवड्याला शेजारीशेजारी लिहावा.

गाळ आणि शेतीसाठी पाणी

प्राथमिक गाळात मुख्यतः तंतू असतो. तो शक्य तेवढा आपल्याच लगद्यात मधल्या थरासाठी घ्यावा आणि उरलेला अंड्यांचे ट्रे किंवा जाड पुठ्ठा बनवणाऱ्यांना द्यावा. जैविक गाळ त्यात मिसळू नये. मिसळला की दोन्हीचा उपयोग संपतो आणि वास मात्र दोघांचा येतो.

शुद्ध केलेले पाणी शेजारच्या बागांना देण्याची पद्धत उन्हाळ्यात शेतकऱ्यालाही हवीशी वाटते, पण द्राक्षबागेच्या बाबतीत येथे विशेष काळजी घ्यावी लागते. वर्तुळ आवळलेल्या कारखान्याचे पाणी बीओडीने निर्दोष आणि क्षारांनी भरलेले असू शकते. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की द्राक्षाचे उत्पादन घटू लागते, आणि सोडियममुळे काळ्या जमिनीचा निचरा बिघडतो. क्षार सोसणाऱ्या डॉगरीज खुंटावरील बागाही यातून पूर्ण सुटत नाहीत. म्हणून पाणी देण्यापूर्वी त्याची विद्युतवाहकता, सोडियम शोषण गुणोत्तर आणि क्लोराइड तपासून अहवाल शेतकऱ्याच्या हाती द्यावा. त्या शेताची माती आणि जवळच्या विहिरीचे पाणी सुरुवातीला एकदा आणि त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात तपासावे, कारण पावसाने क्षार धुऊन जाण्याआधीचा तोच आकडा खरा असतो. क्षार वाढताना दिसले, तर बागेचे पाणी बंद करून ते आवारातील निलगिरी किंवा बांबूच्या लागवडीकडे वळवावे. तेथेही चर काढून पाणी नाल्याकडे वाहत जाणार नाही, याची व्यवस्था आधी करावी लागते.